ग्रँड नॅशनल : तीस कुंपणांची शर्यत

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या उत्तरेस ऐन्ट्री नावाचे एक उपनगर आहे. एरवी त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दरवर्षी एप्रिल महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सुमारे दहा मिनिटे जगभरातील कोट्यवधी लोकांचे डोळे या उपनगराकडे लागलेले असतात. एरवी घोड्यांच्या शर्यतींशी काडीचाही संबंध नसलेली माणसे त्या दिवशी नाव आवडले म्हणून किंवा स्वाराच्या अंगरख्याचा रंग आवडला म्हणून एखाद्या घोड्यावर दोन पौंड लावतात. कचेऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घेतले जातात. ही शर्यत म्हणजे ग्रँड नॅशनल.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर होणारी इंडियन डर्बी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शर्यतीची कल्पना सहजी येणार नाही. डर्बी २४०० मीटरची, सपाट मैदानावरची आणि अवघ्या चार वर्षांच्या घोड्यांची असते. वेग हाच तिचा प्राण. ग्रँड नॅशनलचे अंतर सव्वाचार मैलांहून थोडे अधिक, म्हणजे जवळपास सात किलोमीटर आहे. वाटेत तीस अडथळे ओलांडावे लागतात आणि सात वर्षांखालील घोड्याला तीत प्रवेशच नसतो. घोड्याची ताकद, दम, उडी मारण्याचे कसब आणि स्वाराची छाती या सगळ्यांची परीक्षा तिथे होते. त्यातही नशिबाचा वाटा किती मोठा आहे, हे या शर्यतीच्या इतिहासाने पुन:पुन्हा दाखवले आहे.

अशा शर्यतींना 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत, वाटेत येतील ती कुंपणे, ओढे आणि बांध ओलांडत घोडे फेकण्याची पैज लावली, आणि तिथून हा शब्द रूढ झाला, असे सांगितले जाते. दूरवरून दिसणारा मनोरा हेच विजयाचे ठिकाण आणि मधला मुलूख हीच धावपट्टी, असा तो सरळ हिशेब होता. शिकारीच्या निमित्ताने रानोमाळ घोडे दौडवणाऱ्या जमीनदारवर्गाला हा खेळ आवडला यात नवल नाही.

ऐन्ट्रीला शर्यती आणल्या त्या मात्र एका हॉटेलवाल्याने. विल्यम लिन हा लिव्हरपूलच्या वॉटर्लू हॉटेलचा मालक. त्याने सेफ्टनच्या अर्लकडून जमीन भाड्याने घेतली, मैदान आखले, प्रेक्षकांसाठी सज्जा बांधला आणि १८२९ च्या जुलैमध्ये तिथे पहिली सपाट शर्यत झाली. पुढे त्याने स्टीपलचेसचा घाट घातला. १८३६ पासून लिव्हरपूलला अशा शर्यती होत होत्या, परंतु २६ फेब्रुवारी १८३९ रोजी झालेली शर्यत हीच पहिली ग्रँड नॅशनल, असे आता सामान्यत: मानले जाते. त्या वेळी तिला हे नाव नव्हते. ते १८४७ मध्ये मिळाले. लिव्हरपूलला नुकतीच रेल्वे आली होती आणि त्यामुळे दूरदूरचे प्रेक्षक येऊ शकले, हाही त्या यशातला एक भाग होताच. ही शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव होते 'लॉटरी'. पुढे घडलेले सगळे पाहता याहून समर्पक नाव शोधूनही सापडले नसते.

मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो हरलेला माणूस. कॅप्टन मार्टिन बेचर हा त्या काळचा नावाजलेला स्वार 'कॉनरॅड' नावाच्या घोड्यावर होता. एका कुंपणापलीकडच्या ओढ्यात तो कोसळला आणि मागून येणाऱ्या घोड्यांच्या टापांपासून वाचण्यासाठी पाण्यातच दडून बसला. ब्रँडी न घालता पाणी इतके बेचव लागते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो बाहेर आल्यावर म्हणाल्याची आख्यायिका आहे. त्या जागेला 'बेचर्स ब्रूक' हे नाव मिळाले आणि ते जगातील सर्वांत प्रसिद्ध कुंपण ठरले. याच पहिल्या शर्यतीत 'डिक्टेटर' नावाचा एक घोडा पडून मेला. त्याच्या नावाने मात्र कुठलेही कुंपण ओळखले जात नाही.

आज या मैदानावर सोळा कुंपणे आहेत आणि घोड्यांना दोन फेऱ्या माराव्या लागतात. त्यांपैकी 'चेअर' आणि पाण्याचा अडथळा हे दोन एकदाच ओलांडायचे असल्याने एकूण उड्या तीस भरतात. चेअर हे सर्वांत उंच, पाच फूट दोन इंचांचे. बेचर्स ब्रूकला उंचीपेक्षा पलीकडच्या उताराचे भय अधिक. घोडा जिथून उडतो त्यापेक्षा जिथे उतरतो ती जमीन खाली असते. त्यानंतर थोड्याच अंतरावर 'कॅनॉल टर्न' येते. तिथे कुंपण ओलांडताक्षणी घोड्याला काटकोनात डावीकडे वळवावे लागते, कारण समोर लीड्स-लिव्हरपूल कालवा आहे. कुंपणांवर स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांचा जाड थर चढवलेला असतो. आणि हे सगळे पार केल्यावर शेवटच्या कुंपणापासून विजयरेषेपर्यंत सुमारे साडेचारशे मीटरची, मध्येच कोपरासारखी वळलेली लांबलचक धाव उरते. थकलेल्या घोड्यांची खरी कसोटी तिथेच लागते.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ही 'हँडिकॅप' पद्धतीची शर्यत आहे. ज्या घोड्याची कामगिरी चांगली, त्याच्या पाठीवर अधिक वजन. १८४३ पासून हा नियम लागू झाला. सर्वांना जिंकण्याची समान संधी मिळावी हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे उत्तम घोड्यावर अन्याय होतो का, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

नशिबाचा खेळ म्हणजे काय, हे १९२८ साली दिसले. बेचाळीस घोडे धावले. कॅनॉल टर्नला 'ईस्टर हीरो' नावाचा घोडा कुंपणावरच अडकला आणि मागच्या घोड्यांची एकच गर्दी उसळली. धुके दाट होते. अखेरीस शेवटच्या कुंपणाजवळ केवळ दोन घोडे उरले आणि त्यांतलाही एक, 'बिली बार्टन', तिथे पडला. जो उभा राहिला तो 'टिपरेरी टिम' जिंकला. त्याचा भाव एकास शंभर होता. इतर सगळे पडले तरच तू जिंकशील, असे त्याच्या स्वाराला मित्राने शर्यतीपूर्वी थट्टेने बजावले होते म्हणतात. पुढच्या वर्षी सहासष्ट घोडे उतरले. इतकी मोठी संख्या आधी कधी नव्हती, नंतरही झाली नाही.

१९५६ ची कथा वेगळी आहे. इंग्लंडच्या राजमातेचा 'डेव्हन लॉक' हा घोडा शेवटचे कुंपण पार करून निर्धास्तपणे पुढे होता. विजयरेषा सुमारे पन्नास यार्डांवर होती, प्रेक्षक जल्लोष करीत होते आणि तेवढ्यात त्याने हवेत उडी घेतल्यासारखे केले आणि पोटावर सपाट आदळला. समोर अडथळा नव्हता. 'ई. एस. बी.' नावाचा घोडा त्याच्या शेजारून पुढे जाऊन जिंकला. डेव्हन लॉक क्षणात उठून उभा राहिला. त्याला काहीही झाले नव्हते. बाजूच्या पाण्याच्या अडथळ्याची सावली पाहून त्याने उडी मारली, त्याच्या पायात गोळा आला, प्रेक्षकांच्या आरोळीने तो बिचकला, असे अनेक तर्क लढवले गेले. उत्तर मिळाले नाही ते नाहीच. स्वार होता डिक फ्रान्सिस. पुढच्या वर्षी त्याने स्वारी सोडली आणि लेखणी हाती घेतली. घोड्यांच्या शर्यतीच्या पार्श्वभूमीवर त्याने लिहिलेल्या रहस्यकथा जगभर खपल्या. एक हुकलेली शर्यत त्याला किती फळली, हा प्रश्न त्यालाही पडत असणार.

अकरा वर्षांनी, १९६७ मध्ये, नशिबाने आपले सर्वांत मोठे नाटक सादर केले. दुसऱ्या फेरीत बेचर्स ब्रूकनंतरचे तेविसावे कुंपण हे मैदानावरच्या सर्वांत लहान कुंपणांपैकी एक. त्याचे भय कोणालाच नव्हते. 'पॉपहॅम डाऊन' हा घोडा पहिल्याच कुंपणाला स्वार गमावून तसाच मोकळा धावत होता. या कुंपणापाशी तो अचानक आडवा वळला. पुढच्या घोड्यांनी बिचकून पाय रोवले, स्वार कुंपणापलीकडे फेकले गेले, मागचे येऊन आदळले आणि काही क्षणांत सगळी शर्यत त्या एका जागी गोठली. खूप मागे असलेल्या 'फोयनाव्हन'च्या स्वाराला, जॉन बकिंगहॅमला, हा गोंधळ दुरूनच दिसला. त्याने फट शोधली, घोडा उडवला आणि पलीकडे पोहोचला तेव्हा त्याच्यापुढे कोणीच नव्हते. मागचे स्वार घोडे सावरून पुन्हा निघेपर्यंत तो हाताबाहेर गेला होता. त्याचा भावही एकास शंभरच. त्याच्या विजयावर इतका कमी विश्वास होता, की त्याचा प्रशिक्षक त्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर होता. बकिंगहॅमला ही स्वारी काही दिवस आधी मिळाली होती. फोयनाव्हनची सोबतीण म्हणून एक शेळी असे, आणि तिच्याही गोष्टी वर्तमानपत्रांनी चघळल्या. १९८४ मध्ये त्या कुंपणाला त्याचे नाव देण्यात आले.

या गोंधळाच्या आदल्या दिवशी त्याच मैदानावर पाच फर्लांगांच्या एका किरकोळ सपाट शर्यतीत एक दोन वर्षांचा घोडा पहिल्यांदा धावला आणि बरोबरीत आला. त्याचे नाव 'रेड रम'. त्याचे रक्त कमी अंतराच्या घोड्यांचे होते. नॅशनलचा घोडा म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलेच नसते. पुढे त्याच्या खुराच्या हाडाला दुखणे जडले. तो हातोहात फिरत अखेर १९७२ मध्ये साउथपोर्टच्या जिंजर मॅकेन नावाच्या प्रशिक्षकाकडे आला. मॅकेन जुन्या मोटारी विकत असे, टॅक्सी चालवत असे आणि त्याचा तबेला मोटारींच्या दुकानामागे होता. सरावासाठी हिरवे माळरान नव्हते म्हणून तो घोड्यांना समुद्रकिनाऱ्यावर पळवी. ओहोटीची ओली वाळू आणि खारे पाणी रेड रमच्या पायांना मानवले.

१९७३ ची शर्यत अजूनही अनेक जाणकार सर्वांत थोर मानतात, आणि ते थोरपण जिंकणाऱ्याइतकेच हरणाऱ्याचेही आहे. 'क्रिस्प' हा ऑस्ट्रेलियातून आलेला धिप्पाड घोडा. त्याच्यावर बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन होते. रेड रमवर तेवीस पौंड कमी. क्रिस्प सुरुवातीपासून सुटला तो सुटलाच. एकेका कुंपणावरून तो अशा सहजतेने जात होता, की दुसऱ्या फेरीत मागचे घोडे जवळजवळ दिसेनासे झाले. शेवटच्या कुंपणापाशीही तो सुमारे पंधरा लेंग्थ पुढे होता. मग त्या लांबलचक धावेत त्याचा दम संपला. स्वार रिचर्ड पिटमनने उजव्या हाताने चाबूक उगारला, घोडा डावीकडे भरकटला, आणि तिकडून रेड रम पावलापावलाने अंतर कापत आला. विजयरेषेपासून हाताच्या अंतरावर त्याने क्रिस्पला गाठले आणि पाऊण लेंग्थने हरवले. वेळ नऊ मिनिटे १.९ सेकंद, आधीचा विक्रम जवळपास एकोणीस सेकंदांनी मोडला होता. तो विक्रम घडवण्याचे श्रेय मुख्यत: हरलेल्याचे होते. चाबकाची ती चूक आपल्याला भोवली, हे पिटमनने पुढे मोकळेपणाने कबूल केले.

रेड रम १९७४ मध्ये बारा स्टोन वजन घेऊन पुन्हा जिंकला. १९७५ आणि १९७६ मध्ये दुसरा आला आणि १९७७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला. तीन वेळा ही शर्यत जिंकणारा दुसरा घोडा आजवर झालेला नाही. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकणारा 'टायगर रोल' त्या विक्रमाच्या अगदी जवळ आला, पण २०२० ची शर्यत कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाली. रेड रम १९९५ साली वारला. ऐन्ट्रीच्या विजयरेषेजवळ त्याला पुरले आहे.

रेड रमचे यश केवळ मैदानावरचे नव्हते. त्याच्या काळात ऐन्ट्रीचेच अस्तित्व धोक्यात होते. मैदान पिढ्यान्‌पिढ्या टॉपहॅम कुटुंबाकडे होते. पूर्वाश्रमीच्या नटी मिराबेल टॉपहॅम यांनी १९६४ मध्येच ते विकण्याचा मनोदय जाहीर केला होता, आणि नंतर जवळजवळ दरवर्षी 'ही शेवटची नॅशनल' अशी हाकाटी होत असे. १९७३ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने मैदान घेतले. त्याने तिकिटांचे दर तिप्पट केले तेव्हा १९७५ मध्ये प्रेक्षक अगदी थोडे उरले. सट्टा घेणाऱ्या लॅडब्रोक्स कंपनीने काही वर्षे व्यवस्था सांभाळली. अखेरीस लोकवर्गणी आणि सीग्रॅम या मद्यकंपनीचे साहाय्य यांच्या बळावर जॉकी क्लबने १९८३ मध्ये मैदान विकत घेतले. योगायोग असा, की सीग्रॅमने पुरस्कृत केलेली अखेरची शर्यत १९९१ मध्ये 'सीग्रॅम' याच नावाच्या घोड्याने जिंकली. कंपनीचा त्या घोड्याशी काही संबंध नव्हता.

त्यानंतरच्या दशकात दोनदा शर्यतीची घडी विस्कटली. १९९३ मध्ये सुरुवातीच्या फितीत एक स्वार अडकला आणि निशाण नीट उलगडले नाही. एकोणचाळीसपैकी तीस घोडे सुटले, आणि ओरडून, हात हलवून थांबवूनही त्यांतले सात घोडे शर्यत पुरी करूनच थांबले. पहिला आलेल्या 'एशा नेस'चा स्वार विजयरेषेपलीकडे गेल्यावर त्याला कळले की शर्यत झालीच नाही. साडेसात कोटी पौंडांच्या पैजा परत कराव्या लागल्या. १९९७ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या नावाने बॉम्बची धमकी आली आणि साठ हजार लोकांना मैदान सोडावे लागले. घोडे सोमवारी धावले. ज्यांच्या मोटारी कुंपणाच्या आत अडकल्या होत्या, त्यांना लिव्हरपूलकरांनी घरांत आसरा दिला.

स्त्रियांना या मैदानावर यायला फार काळ लागला. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर दार उघडले. १९७७ मध्ये शार्लट ब्रू पहिल्यांदा धावली, १९८२ मध्ये जेराल्डिन रीसने शर्यत पूर्ण केली, १९८३ मध्ये जेनी पिटमन ही प्रशिक्षक म्हणून जिंकली. स्वार म्हणून विजय मात्र २०२१ मध्ये आला. आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोरने 'मिनेला टाइम्स'वर तो मिळवला, तेव्हा साथीमुळे प्रेक्षकांचे सज्जे रिकामे होते.

या सगळ्या वैभवाला एक काळी किनार सुरुवातीपासून आहे. शर्यतीत मृत्यू पावलेला स्वार एकच, १८६२ मधला जोसेफ विन. घोड्यांची गणना मात्र लांबत जाते. १९५४ मध्ये एकाच शर्यतीत चार घोडे दगावले. १९८९ मध्ये बेचर्स ब्रूकला दोन घोडे मेल्यावर ओढ्याचा बराचसा भाग भरून पलीकडचा उतार कमी करण्यात आला. २०११ मध्ये दोन मृत्यूंमुळे घोडे पडलेल्या कुंपणांना वळसा घालून उरलेल्यांना पुढे पाठवावे लागले आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवर घरोघर दिसले. २०१२ मध्ये पुन्हा दोन गेले. त्यांतला 'सिंक्रोनाइज्ड' आधीच्याच महिन्यात चेल्टनहॅमचा मानाचा गोल्ड कप जिंकलेल्या दर्जाचा घोडा होता. २०१३ पासून कुंपणांच्या आतला लाकडी सांगाडा काढून लवचीक प्लॅस्टिकचा भरणा आला, आणि २०१८ पर्यंतच्या सहा शर्यतींत एकही घोडा मेला नाही. मग २०१९ पासून मृत्यू पुन्हा सुरू झाले.

२०२३ मध्ये प्राणिहक्क चळवळीतले लोक कुंपणे ओलांडून मैदानात शिरले. शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि शर्यत सुमारे पंधरा मिनिटे उशिरा सुटली. पहिल्याच कुंपणाला 'हिल सिक्स्टीन' पडला आणि मेला. निदर्शनांमुळे घोडा बिथरला, असे त्याच्या प्रशिक्षकाचे म्हणणे. ही शर्यत नसतीच तर घोडा जिवंत असता, असे निदर्शकांचे. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. पण व्यवस्थापनाने २०२४ साठी बरेच बदल केले. १९८४ पासून असलेली चाळीस घोड्यांची मर्यादा चौतीसवर आणली, पहिले कुंपण साठ यार्ड अलीकडे घेतले म्हणजे घोडे तिथे भरधाव पोहोचणार नाहीत, आणि वेळही दुपारी चारची केली. त्या वर्षी बत्तीस घोडे धावले, एकवीस घोड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि एकही कोसळला नाही. हे काही थोडे नव्हे. तरी जुन्या शौकिनांची कुरकुर ऐकू आलीच, की ही आता केवळ लांब पल्ल्याची नेहमीची शर्यत उरली आहे. शर्यतीतले भय काढून घेतले तर तिचे आकर्षण किती शिल्लक राहते, हे सांगणे त्यांनाही कठीण जाते.

२०२५ ची शर्यत 'निक रॉकेट'ने जिंकली. त्याच्यावर हौशी स्वार पॅट्रिक मलिन्स होता आणि घोडा तयार केला होता त्याच्याच वडिलांनी, आयर्लंडचे प्रख्यात प्रशिक्षक विली मलिन्स यांनी. मुलाला विजयरेषेपलीकडे पाहताना त्या कसलेल्या माणसाला बोलवेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याच शर्यतीत तेरा वर्षांचा 'सेलेब्र दालेन' हा घोडा अखेरच्या टप्प्यात थकून मैदानावरच कोसळला. पशुवैद्यांनी त्याच्यावर तिथेच उपचार केले, तो उठून उभा राहिला आणि त्याला तबेल्यात हलवण्यात आले. काही दिवसांतच तो मेला. दमलेल्या घोड्याला वेळीच थांबवले नाही म्हणून त्याच्या स्वाराला दहा दिवसांची बंदी झाली.